राहिलेल्या आशीर्वादांचा मेळावा

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत परभणी जिल्ह्याला महामारीची सवय झाली होती. मास्कची झाली नव्हती, तो हनुवटीलाच बरा वाटायचा. बाकी सगळं अंगवळणी पडलं होतं. अशात एका मंगळवारी दुपारी टीव्हीवर बातमी आली, की जिल्ह्याचे ज्येष्ठ मंत्री बन्सीधरराव ऊर्फ भाऊसाहेब यांनी महामारीचे नियम मोडल्याबद्दल पदाचा राजीनामा दिला. तेव्हा मात्र जिल्हा खरोखर हादरला.

नियम मोडल्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण राजीनामा? पिंगळी स्टेशनापासून थोडं आत गेलं की धामणटाकळी लागते, तिथल्या हॉटेलात माणसं चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिली. एक म्हातारा म्हणाला, "खुर्चीवरला माणूस एक तर वर जातो, न्हाईतर दुसऱ्या पक्षात जातो. घरी गेल्याचं आमी पहिल्यांदाच ऐकायलाव." आजारापेक्षा हे लक्षण वाईट, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग बाकीच्यांनी चहा संपवला; एकट्या आसारामनं कप तसाच खाली ठेवला. कारण ज्या लग्नात भाऊसाहेबांनी नियम मोडले, ते लग्न त्याच्या पिंकीचं होतं.

लग्नाला परवानगी रीतसर होती, पन्नास माणसांची. पन्नास तर नुसते वाढपीच होते. आदल्या आठवड्यात सोमवारी रात्री भाऊसाहेब टीव्हीवर हात जोडून म्हणाले होते, "लग्नात एक्कावन्नावा माणूस दिसला, तर मी सख्ख्या भावाचीही गय करणार नाही." आणि गुरुवारी ते स्वतः तीन गाड्या घेऊन आसारामच्या मांडवात उतरले. आसारामनं वीस वर्षं त्यांच्या सभेच्या सतरंज्या अंथरल्या होत्या आणि उचलल्या होत्या. तेवढा हक्क त्याचा होताच. भाऊसाहेब आले, फेटा बांधून घेतला, अक्षता टाकल्या, आणि पंगतीत बसून जिलबी खाल्ली. माइकवाला तर आनंदानं ओरडत होता, "कोरोनाचे सर्व नियम काटेकोरपणे पाळून उपस्थित राहिलेल्या हजारो वऱ्हाडी मंडळींचं यजमानांच्या वतीनं हार्दिक स्वागत!"

याचा व्हिडिओ बाहेर कुणी फोडला, यावर पुढे टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झाली. विरोधी पक्षाचा हात, पक्षातल्या नाराज गटाचा हात, परकीय हात, सगळे हात तपासून झाले. व्हिडिओ आसारामनंच फोडला होता. सोयरे जळावेत म्हणून त्यानं तो हौसेनं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला. सोयरे जळले. जळता जळता त्यांनी तो पुढे पाठवला, आणि असा जळत जळत तो मुंबईला पोचला.

अख्ख्या गावात त्या लग्नाला एकच माणूस नव्हता: आसारामचा चुलतभाऊ लिंबाजी गुरुजी. त्याचं कारण जुनं होतं. आदल्या वर्षी गुरुजींनी आपल्या मुलाचं लग्न खरोखर पन्नास माणसांत केलं होतं. भटजी धरून पन्नास! त्यात आसारामचा नंबर लागला नव्हता. "नियम हाय रे आसाराम, वाईट वाटून घिऊ नको," असं गुरुजी सांगायला आले, तर आसाराम म्हणाला, "नियम सरकारचा आसतो गुरुजी, भावकी आपली आसते." त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. त्यानंच काय, साऱ्या गावानं टाकलं. गुरुजी रस्त्यानं निघाले, की लोक चटकन मास्क वर ओढायचे, म्हणजे तोंड दिसायला नको.

तर राजीनामा झाला त्या आठवड्यात पिंकी मांडवपरतणीला माहेरी आलेली होती. शुक्रवारी तिला न्यायला सासरची मंडळी येणार होती. सारजाबाईनं, म्हणजे पिंकीच्या आईनं, पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. शुक्रवार आला, मंडळी आली नाहीत. आला तो चारठाण्याहून किशनरावांचा फोन. किशनराव पिंकीचे सासरे, आसारामचे इवाई.

"इवाई, गाडी न्हाई येणार," किशनराव म्हणाले.

"का हो? डिझेलचं काय आडलं का?"

"डिझेल हाय. इज्जत न्हाई राहिली. मी साऱ्या चारठाण्यात सांगून बसलो, की मंत्री आपल्या घरचा. आता लोक म्हणायलेत, सून उंबऱ्यात आली न्हाई तोच मंत्र्याची खुर्ची गेली. नांदायला आल्यावर काय काय जाईल? पांढऱ्या पायाची हाय म्हणायलेत."

"आवं, पोरीचा काय दोष? तिनं का बोलावलं होतं मंत्र्याला?"

"ते मला कळतंय हो. लोकाला कोण सांगणार? भाऊसाहेब परत खुर्चीवर बसू द्या, दुसऱ्या दिवशी मी वाजतगाजत येतो सुनंला न्यायला. तोवर राहू द्या तिकडंच." आणि फोन बंद.

पिंकीनं सगळं ऐकलं होतं. ती रडेल असं आसारामला वाटलं, पण पोरगी त्याच्यापेक्षा खमकी. "बाबा, त्यांना सांगा, मी खुर्ची पदरात बांधून आणली न्हाई. झडती घ्या म्हणावं," ती म्हणाली. मग मात्र आत जाऊन नवऱ्याशी, शिवशंकरशी, फोनवर बोलताना तिचा आवाज बारीक झाला. तो बिचारा तिकडून म्हणत होता, "मी एकटा आलो आसतो गं, पण गाडीची किल्ली आप्पाच्या बंडीच्या खिशात हाय."

सारजाबाईनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "लेकीचं नांदणं मंत्रिमंडळावर आडलंय, आसं मी माझ्या जन्मात ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "पण श्टेटस तुमी ठिवलं. आता तुमीच निस्तरा."

आसारामनं मोटारसायकल काढली आणि थेट परभणी गाठली. त्याला एवढंच समजत होतं, की ज्यांनी राजीनामा मागितला त्यांच्या पाया पडावं. ते मोठे तत्त्वाचे लोक असणार, तेव्हा जपून बोलावं, म्हणून त्यानं नवा मास्क घेतला आणि नाकावर ओढला.

तत्त्वाचे लोक चौकात विजयोत्सव करत होते. गर्दी केल्याचा निषेध करायला एवढी गर्दी जमली होती, की पाय ठेवायला जागा नव्हती. नाकावर मास्क असलेला आसाराम एकटाच, त्यामुळे तो पोलिसाचा माणूस असावा अशा नजरेनं लोक बघायला लागले. त्यानं घाईनं मास्क हनुवटीला आणला, तेव्हा कुठं पुढं सरकायला वाट मिळाली. मोर्चाचे पुढारी होते मोंढ्यातले आडत दुकानदार बालाजीराव. आसारामनं हात जोडले.

"मालक, माझ्या लेकीच्या नांदण्याचा प्रश्न हाय. भाऊसाहेबांनी नियम मोडला, चुकलंच. पण एवढ्या डाव माफी..."

"थांबा," बालाजीराव म्हणाले. "तुमी धामणटाकळीचे? जिलबीवाले?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आवं, माझ्या राजेश्रीचं लग्न गेल्या वैशाखात झालं. तीन डाव पत्रिका घिऊन बंगल्यावर गेलो. भाऊसाहेब काय म्हणले? 'बालाजीराव, नियम हाय, घरूनच आशीर्वाद देतो.' बरं, म्हणलं, नियम तर नियम. सोयऱ्यात बेइज्जती झाली. मांडवात त्यांच्यासाठी ठिवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. तरी गप बसलो. आन तुमच्या इथं? तुमच्या इथं कुठं गेला नियम? जिलबी खाल्ली! व्हिडिओत सोच्छ दिसायलंय. एक न्हाई, दोन खाल्ल्या!"

"म्हणजे... नियम मोडल्याचा राग न्हाई?"

"नियम मोडल्याचा राग कुणाला आसतो हो? एकाच मांडवात मोडला, त्याचा राग हाय. मोडायचा तर सगळ्याच्या मांडवात मोडायचा. लोकशाही हाय का न्हाई?"

मागून गलका उठला. "आमच्याबी पोराच्या लग्नाला न्हाई आले!" "आमाला तर फोनवर आशीर्वाद दिला, त्योबी पीएनं!" आसारामनं नीट पाहिलं. मोर्चातला एकूण एक माणूस वरबाप नाहीतर वधूपिता होता. आरोग्याविषयी काळजी असलेला कुणी त्यात असेल, तर तो चुकून भाजी आणायला निघालेला होता.

आसारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो तसाच भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेला.

बंगल्यावर सुतकी कळा होती. भाऊसाहेबांचे पीए दत्ता दारातच उभे. त्यांच्याजवळचे दोन्ही फोन राजीनाम्यापासून वाजले नव्हते, म्हणून ते एका फोनवरून दुसऱ्याला लावून बघत होते. आत भाऊसाहेब बनियनवर बसून खरबूज खात होते.

"ये आसाराम, ये. तुझ्या मांडवातून निघालो ते डायरेक घरीच आलो बघ." ते रागावले नव्हते, नुसते गोंधळले होते. "चाळीस वर्षं राजकारणात हाय मी. राजीनामा मागं घ्यायसाठी द्यायचा आसतो रे. म्हणलं, दुपारी देऊ, संध्याकाळपत्तूर लोक रस्त्यावर येतील, रडतील, आपुन जनतेच्या रेट्यापुढं झुकू. तर वरून पाच मिनिटांत मंजूर! सरकारात एवढ्या लवकर दुसरं काय मंजूर झालंय, सांग मला. तुझ्या गावच्या पुलाची फाईल अजून खालच्या टेबलावर हाय."

"भाऊसाहेब, लोक नियमासाठी चिडलेच न्हाईत," आसाराम म्हणाला. "तुमी त्यांच्या लग्नाला गेला न्हाईत, म्हणून चिडलेत."

भाऊसाहेबांच्या हातातली खरबुजाची फोड तशीच राहिली. "काय म्हणतूस? शपथ घे."

"पिंकीची शपथ."

"आरं मग आदी सांगायचं की!" भाऊसाहेब ताडकन उठले. "मला वाटलं खरंच नैतिकतेचा मामला हाय. घाबरलो ना मी!"

दत्तांनी शंका काढली, की लग्नं तर होऊन गेली, आता जाणार कुठं? भाऊसाहेब सदरा चढवत म्हणाले, "लग्न झालं, आशीर्वाद राहिला. आशीर्वादाला का एक्स्पायरी आसते? सगळ्या जोड्या एका जागी बोलवा. राहिलेल्या आशीर्वादांचा मेळावा!"

आता प्रश्न परवानगीचा. संबंधित कार्यालयात अव्वल कारकून होते परमेश्वरराव. कोरोनाविषयी आलेलं प्रत्येक परिपत्रक त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यांचा त्या सगळ्यांवर विश्वास होता. त्यांनी आसाराम आणि दत्तांना काचेपलीकडे उभं करून अर्ज वाचला.

"विवाहास पन्नास," ते म्हणाले. "अंत्यविधीस वीस. सभा, जत्रा, उरूस, आठवडी बाजार बंद. 'राहिलेला आशीर्वाद' हा प्रकार परिपत्रकात नाही."

"म्हणजे परवानगी न्हाई?" आसारामनं विचारलं.

"असं मी म्हटलं का? नीट ऐका. जो प्रकार परिपत्रकात नाही, तो शासनाच्या लेखी अस्तित्वात नाही. जो कार्यक्रम अस्तित्वात नाही, त्याला गर्दी होऊ शकत नाही. आणि गर्दीच नाही म्हटल्यावर मास्क, अंतर वगैरे बाबी उद्भवत नाहीत. सबब आपल्या अर्जावर कार्यवाहीची आवश्यकता नाही."

"आन पोलीस बंदोबस्त?" दत्तांनी विचारलं.

"तो मिळेल. अस्तित्वात नसलेल्या कार्यक्रमात अनुचित प्रकार घडू नये, ही शासनाची जबाबदारी आहे." मग परमेश्वररावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि काचेला तोंड लावून हळूच म्हणाले, "आमच्या भाच्याचंही लग्न झालंय हो गेल्या जूनमध्ये. भाऊसाहेब आले नव्हते. जरा पुढच्या रांगेत बघा."

रविवारी मेळावा झाला. अख्ख्या जिल्ह्यातून नवरा-नवरी पुन्हा नटून आले. काही नवऱ्यांना वर्षभरात लग्नाचा कोट होईना, त्यांनी तो खांद्यावर टाकला. एका नवरीच्या कडेवर बाळ होतं, आणि त्यालाही बाशिंग बांधलं होतं, का तर आशीर्वादात खंड नको. एक जोडपं कोर्टात घटस्फोटासाठी भांडत होतं. त्यांनी दोन तासांपुरता समेट केला, कारण भांडण नवरा-बायकोचं असलं तरी मान दोन्ही घरांचा होता. माइकवाला तोच. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त हजारोच्या जागी लाखो घातलं.

भाऊसाहेब प्रत्येक जोडीपाशी गेले. डोक्यावर हात ठेवला, फोटो काढला, आणि एक जिलबी तोंडात टाकली. तर मागून वधूपिता ओरडला, "धामणटाकळीत दोन खाल्ल्या होत्या!" त्यानंतर भेदभावाचा आरोप नको म्हणून दर जोडीमागे दोन. दुपारपर्यंत भाऊसाहेबांना बोलता येईना. संध्याकाळी ते नुसतं बोट वर करून आशीर्वाद द्यायला लागले, पण जिलबी एकाचीही चुकवली नाही. बालाजीरावांच्या राजेश्रीची पाळी आली, तेव्हा बालाजीराव ढसाढसा रडले. "देवमाणूस हाय हो," ते आसारामच्या गळ्यात पडून म्हणाले. "कुणी मागितला ह्यांचा राजीनामा? कुणाला शोभलं हे?"

दुसऱ्याच दिवशी त्याच चौकात, त्याच लोकांचा, त्याच फ्लेक्ससह मोर्चा निघाला. 'राजीनामा द्या' मधल्या 'द्या'वर कागद चिकटवून 'मागे घ्या' लिहिलं होतं, कारण महामारीच्या काळात उधळपट्टी बरी दिसत नाही. जनतेचा रेटा एवढा आला, की वरचे लोक झुकले. बुधवारी भाऊसाहेब पुन्हा खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या टीव्हीवर हात जोडून म्हणाले, "गर्दी टाळा."

किशनराव शब्दाचे पक्के. गुरुवारी सकाळी ते एका सुनेला न्यायला दोन क्रूझर भरून माणसं घेऊन आले. सोबत बँड. शिवशंकर सगळ्यांत आधी उडी मारून उतरला, पण रीत म्हणून मागं जाऊन उभा राहिला. "इवाई, लक्ष्मीच्या पावलाची हाय आमची सून!" किशनराव दारातूनच गरजले. "लग्नात आली तर मंत्र्याचं नाव झालं, माहेरी बसली तर मंत्र्याची खुर्ची परत आली!" सारजाबाई तोंडाला पदर लावून हसली. पुरणाची पंगत झाली, आणि पिंकीची पेटी गाडीत चढणार, एवढ्यात आरोग्य खात्याची जीप गावात शिरली.

मेळाव्यातल्या बऱ्याच लोकांना ताप आला होता. कर्मचाऱ्यानं साधा प्रश्न विचारला, "रविवारच्या मेळाव्याला या गावातून कोण कोण गेलं होतं?"

इतर कुठल्याही जिल्ह्यात अशा वेळी माणसं मागच्या दारानं शेतात पळतात. पण इथं प्रश्न मानाचा होता. "मी!" "मी व्हतो, दुसऱ्या रांगेत!" "आमी समद्ये व्हतो!" जे गेले नव्हते तेही छाती काढून पुढं आले, कारण मेळाव्याला नव्हतो म्हणजे आपल्याला कुणी विचारलं नाही, असा अर्थ निघाला असता. किशनरावांना तर राहवेना. ते गर्दी सारून कर्मचाऱ्यापुढं गेले आणि म्हणाले, "आमाला काय इचारायलाव? आमी स्टेजवर होतो. भाऊसाहेबांच्या बाजूला! दोन्ही गाड्या."

तासाभरात बांबू ठोकले गेले. गाव प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झालं: चौदा दिवस आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दोन क्रूझर इवाई मंडळी, बँडसकट, आसारामच्या घरात अडकली. सर्दी-खोकल्यावर सगळ्यांचं निभावलं, पण जेवणाला कुणाचीच ना नव्हती. आणि मुलाकडची मंडळी म्हटल्यावर त्यांना पिठलं-भाकरी कशी वाढणार? सारजाबाईच्या हातातलं लाटणं दिवसभर खाली ठेवलं जात नव्हतं. पिंकी मात्र खुशीत होती. "बाबा, लय बरं झालं," ती म्हणाली. "सासर माहेरीच आलं." शिवशंकर भांडी विसळताना गालात हसत होता.

गावातला एकच माणूस बांबूच्या बाहेर राहिला. कर्मचाऱ्यानं विचारलं तेव्हा लिंबाजी गुरुजी म्हणाले होते, "मी गेलो न्हाई. मला बोलावलं नव्हतं, आन बोलावलं आसतं तरी गेलो नसतो." त्यांचं घर तसंही गावाबाहेर शाळेपाशी. मग साऱ्या गावाचं दूध, किराणा, गोळ्या-औषधं गुरुजी सायकलवरून आणायला लागले. आसारामच्या घरी तर दोन क्रूझरचं सामान. गुरुजी उन्हात घामाघूम होऊन साखरेचं, गुळाचं, डाळीचं पोतं बांबूपाशी ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. आसाराम यायचा, पोतं उचलायचा, आणि आभाळाकडं बघत परत जायचा.

एकदा पिंकी त्याच्या मागोमाग आली. "बाबा, काकाशी बोला की. रोज उन्हातान्हात आणायलेत आपल्यासाठी."

"साखर आणली, मान्य हाय," आसाराम मोठ्यानं म्हणाला, म्हणजे बांबूपलीकडे ऐकू जावं. "पण पन्नासात मला धरलं न्हाई."

गुरुजींना ऐकू गेलं. रिकामी पिशवी हँडलला अडकवून ते निघून गेले. ओसरीवर किशनराव सुपारी कातरत बसले होते, ते मान डोलावून म्हणाले, "बरोबर हाय इवाई. माणसानं तत्त्व सोडू न्हाई."

तुम्ही हसलात ना? हसा, हसण्यासारखंच आहे. ही धामणटाकळीची माणसं आहेतच तसली. फक्त हसून झाल्यावर जरा आठवून बघा. तुमच्याही सोयऱ्यात, नाहीतर मित्रांत, एक जण असेल. त्यानं त्या वर्षी घरचं लग्न नियमानं पन्नास माणसांत उरकलं, आणि त्या पन्नासात तुम्ही नव्हता. त्याच्या घरी तुम्ही शेवटचा चहा कधी घेतला?